खुर्ची कोणाच्या मापाची?

मुलांनो, आज धडा वाचण्याआधी एक प्रयोग करू या. एक लिटर पाण्याने भरलेली बाटली घ्या. ती दोन्ही हातांनी छातीजवळ धरा आणि मनातल्या मनात साठपर्यंत अंक मोजा. काही त्रास झाला का? नाही ना? आता तीच बाटली एका हातात घ्या, हात समोर लांब करा आणि पुन्हा अंक मोजू लागा. थोड्याच वेळात खांदा कुरकुर करील. मग हात थरथरू लागेल. दोन्ही हातांनी धरून पाहा, तरी तेच! बाटली तीच, पाणीही तेवढेच. मग ती एवढी जड का वाटली?

बाटली शरीराजवळ होती, तेव्हा तिचे ओझे पेलणे सोपे होते. ती दूर गेली आणि तेवढ्याच ओझ्यासाठी स्नायूंना कितीतरी जास्त जोर लावावा लागला. ही बाटली लक्षात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता आपण कात्र बोर्न येथील एका घरात जाऊ. या घरात पाचवीत शिकणारी एक मुलगी राहते. घरात आईबाबा, आजी, आजोबा आणि ताई आहेत. ताई एबेनच्या सायबर सिटीत नोकरी करते. आजी पंचाहत्तरीची आहे. १९६० सालच्या फेब्रुवारी महिन्यात कॅरोल नावाचे मोठे चक्रीवादळ मॉरिशसवर आले, तेव्हा आजी तुमच्याएवढी होती. त्या वादळाने हजारो लोकांची घरे मोडली. आजीला त्या रात्रीचे सारे आठवते. वारा कसा घोंगावत होता, गवताचे छप्पर कसे उडाले, भिजलेल्या माणसांनी कोठे आसरा घेतला, हे ती सांगू लागली की घरातले सगळे हातातले काम सोडून ऐकत बसतात.

आजी हे सगळे मराठीत सांगते. नातीने ठरवले, की आजीच्या आठवणी लिहून काढायच्या. ताईचा जुना लॅपटॉप होता. त्यावर देवनागरी अक्षरे उमटत. रोज शाळेतून आल्यावर खाणे झाले, की चार वाजता ती जेवणाच्या मेजावर लॅपटॉप उघडून बसे. शेजारी आजी बसे. आजी सांगे आणि नात एकेक अक्षर शोधून लिही. आठ दिवसांत पाच पाने झाली. गोष्ट अगदी वादळाच्या रात्रीपर्यंत आली.

आणि मग लिहिणे थांबले. "आज नको, आजी," असे ती एक दिवस म्हणाली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "उद्या लिहू." असे चार दिवस गेले. आजीने हळूच विचारले, "कंटाळलीस का गं माझ्या गोष्टींना?"

मुलीचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "नाही गं आजी! मला पुढचे ऐकायचे आहे. पण तिथे बसले, की मान दुखते. डोळे चुरचुरतात. रात्री कपाळही दुखते."

मुलांनो, काही मोठी माणसे अशा वेळी हसून म्हणतात, "या वयात कसली आली आहे मानदुखी!" हे काही बरोबर नाही. लहान मुलांचीही मान दुखते, पाठ दुखते. तसे झाले तर गप्प बसू नका. घरी सांगा, शाळेत गुरुजींना किंवा बाईंना सांगा.

या घरात मात्र कोणी हसले नाही. आजोबा म्हणाले, "बस पाहू तशीच, रोज बसतेस तशी." ती बसली. आजोबा काही अंतरावर उभे राहून तिच्याकडे पाहत राहिले. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. ते हवेत लोंबकळत होते. मेज तिच्या छातीपर्यंत येत होते. त्यामुळे हात वर ठेवताना खांदे कानांकडे चढले होते. आणि अक्षरे शोधण्यासाठी तिची मान पुढे, खाली झुकली होती.

आजोबांनी अनेक वर्षे उसाच्या शेतात काम केले आहे. ते म्हणाले, "आमच्या वेळी कुदळीचा दांडा ज्याच्या त्याच्या उंचीप्रमाणे असे. उंच माणसाने आखूड दांड्याची पियोश घेतली, तर दुपारपर्यंत त्याची कंबर धरलीच म्हणून समजा. आता मला सांग, ही खुर्ची कोणाच्या मापाची आहे?"

मुलगी विचारात पडली. खुर्ची बाबांच्या मापाची होती. आईच्या मापाची होती. तिच्या मापाची मुळीच नव्हती!

मग आजोबांनी आईच्या शिवणाच्या डब्यातून माप घ्यायची फीत काढली. मुलीने वही-पेन्सिल घेतली. प्रथम मुलीचे माप झाले. पायांत बूट नव्हते. गुडघा काटकोनात वाकवून तिने तळवा जमिनीवर सपाट ठेवला. जमिनीपासून गुडघ्यामागच्या खोलगट भागापर्यंतचे अंतर भरले ३६ सेंटिमीटर. मग तिने हात सैल सोडून कोपर काटकोनात वाकवले. खुर्चीच्या बैठकीपासून कोपरापर्यंतचे अंतर होते १८ सेंटिमीटर. त्यानंतर खुर्ची मोजली. तिची बैठक जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंच होती. जेवणाचे मेज ७४ सेंटिमीटर उंच होते.

आता हे गणित तुम्हीही वहीत करून पाहा. पायांची उंची ३६ आणि खुर्चीची ४५. म्हणजे तिचे पाय जमिनीपासून ९ सेंटिमीटर वर लोंबकळत होते. खुर्चीची बैठक ४५ आणि त्यावर कोपर १८. म्हणजे तिचे कोपर जमिनीपासून ६३ सेंटिमीटरवर होते. मेज मात्र ७४ वर! हात ठेवायची जागा कोपरापेक्षा ११ सेंटिमीटर उंच होती. मग खांदे वर चढणार नाहीत तर काय होईल?

मेज कापून लहान करता येत नाही. सगळ्या घराला त्यावर जेवायचे असते! तेव्हा मुलीलाच वर उचलायला हवे. तिने धावत जाऊन दिवाणावरची गुबगुबीत उशी आणली आणि खुर्चीवर ठेवली. उशी चांगली वीतभर जाड होती. पण ती बसली आणि उशी फस्सकन दबली. मोजून पाहिले, तर ती केवळ ४ सेंटिमीटर उंच झाली होती. शिवाय डावीकडे कलतही होती. मऊ उशी झोपायला बरी, बसायला नव्हे. मग आईने जुन्या जाड चादरींच्या घट्ट घड्या घातल्या, त्या एका पिशवीत भरून शिवल्या आणि पिशवीचे बंद खुर्चीला बांधले, म्हणजे ती सरकणार नाही. या वेळी मुलगी बसल्यावर माप घेतले. बरोबर ११ सेंटिमीटर. कोपर मेजाच्या पातळीला आले. खांदे आपोआप खाली उतरले.

पण मुलांनो, तुमच्या लक्षात आले का? पाय आता आणखी वर गेले. आधी ते ९ सेंटिमीटर वर होते, आता ९ आणि ११ मिळून २० सेंटिमीटर वर गेले. पाय लोंबकळले, की खुर्चीची कड मांडीच्या मागच्या बाजूला रुतते. पायांना मुंग्या येतात. मग आपण पुढे सरकतो, पाठ सुटते आणि सारे शरीर पुढे झुकते. म्हणून पायांखाली काहीतरी हवेच. परसात एक लाकडी खोके पडले होते. ते २० सेंटिमीटर उंच निघाले, हे नशीबच! आजोबांनी ते घासून पुसून दिले. दोन्ही तळवे त्यावर सपाट टेकले. पाठ आणि खुर्चीची पाठ यांच्यामध्ये पोकळी राहत होती, तेथे एक टॉवेल गुंडाळून ठेवला.

असे बसताना खुर्ची चार पायांची आणि न डुगडुगणारी असावी. चाकांच्या खुर्चीवर चादरींची पिशवी ठेवून चढू नका. खुर्ची घरंगळली तर पडाल.

हल्ली दुकानांत रंगीबेरंगी, मोठाल्या पाठीच्या खुर्च्या मिळतात. खेळ खेळण्यासाठी म्हणून मुले त्यांचा हट्ट धरतात. त्या फार महाग असतात. त्यांतील बऱ्याच खुर्च्या मोठ्या माणसांच्या मापाच्या असतात. तशा खुर्चीवर बसून पाय लोंबकळतच राहिले, तर जुन्या चादरी आणि लाकडी खोके यांपुढे तिचा काय उपयोग?

संध्याकाळी ताई घरी आली. खुर्चीकडे पाहून ती हसली आणि म्हणाली, "अरे वा! आमच्या कार्यालयातही पहिल्या दिवशी हेच शिकवले. खुर्ची वर-खाली करायची कळ कोठे आहे, पडदा किती दूर ठेवायचा, सगळे!" या विषयाचे एक शास्त्रच आहे, असे तिने सांगितले. त्याला अर्गोनॉमिक्स म्हणतात. माणसाने कामाच्या साधनांपुढे वाकायचे नाही, साधनांनी माणसाला जुळले पाहिजे, असा त्या शास्त्राचा विचार आहे. १८५७ साली पोलंडमधील एका शास्त्रज्ञाने हे नाव प्रथम वापरले. ग्रीक भाषेत 'एर्गॉन' म्हणजे काम आणि 'नोमॉस' म्हणजे नियम. आजोबांना हे नाव काही उच्चारता येईना. पण कुदळीचा दांडा हेच शास्त्र सांगत होता, नाही का?

खुर्चीचे काम झाले, तरी मान अजून झुकतच होती. का बरे? येथे आपली पाण्याची बाटली आठवा. मोठ्या माणसाचे डोके साधारण ५ किलो वजनाचे असते. आपल्या मानेत सात मणके आहेत. (जिराफाच्या एवढ्या लांब मानेतही सातच मणके असतात, बरे का!) डोके ताठ असते, तेव्हा त्याचा भार सरळ या मणक्यांवर येतो. छातीजवळ धरलेल्या बाटलीसारखाच तो सहज पेलला जातो. डोके पुढे झुकले, की ते लांब धरलेल्या बाटलीसारखे होते. मानेचे स्नायू मागून ओढून त्याला धरून ठेवतात. पाच मिनिटे ठीक आहे. पण रोज तासभर हे काम पडले, तर ते दुखणारच.

लॅपटॉपची एक अडचण आहे. त्याचा पडदा आणि कळफलक एकमेकांना जोडलेले असतात. हातांना सोयीचे व्हावे म्हणून तो खाली ठेवला, तर पडदा फार खाली जातो. डोळ्यांना सोयीचे व्हावे म्हणून वर ठेवला, तर हात उंच जातात. दोन्ही एकदम साधत नाही. ताईने यावर उपाय केला. तिने कपाटातून संगणकाचा एक जुना, सुटा कळफलक काढला आणि तारेने लॅपटॉपला जोडला. लॅपटॉपखाली तीन जाड शब्दकोश ठेवले. पडद्याची वरची कड मुलीच्या डोळ्यांच्या समोर, किंचित खाली आली. मग तिने हात सरळ पुढे केला. बोटांची टोके पडद्याला जेमतेम लागली. एवढेच अंतर हवे.

तुमच्या घरी सुटा कळफलक नसेल तर? तेव्हा दोन कामे वेगळी करा. नुसते वाचायचे किंवा पाहायचे असेल, तेव्हा लॅपटॉप पुस्तकांवर चढवा. लिहायचे असेल, तेव्हा खाली उतरवा आणि थोडे थोडेच लिहा.

आता राहिली डोळ्यांची चुरचुर. त्याचे कारण खिडकीत होते. त्या घराची दिवाणखान्याची खिडकी पश्चिमेला आहे. तिच्यातून कोर द गार्द डोंगर दिसतो. मुलगी खिडकीकडे पाठ करून बसत असे. दुपारी चारनंतर ऊन थेट पडद्यावर येई. पडद्यात अक्षरांऐवजी खिडकीच चमके! मग ती डोळे बारीक करी आणि आणखी पुढे झुके. दिशा बदलून खिडकीकडे तोंड केले, तर उजेड सरळ डोळ्यांत येऊ लागला. शेवटी आईने मेज वळवले आणि खिडकी डाव्या हाताला आली. लगेच पडद्यावरची चमक गेली. तुम्ही घरी जागा शोधाल, तेव्हा तुमच्या अभ्यासाच्या वेळी ऊन कोठून येते, ते आधी पाहा. सकाळी ते पूर्वेच्या खिडकीतून येईल. आपला देश विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे वर्षातील बहुतेक दिवस भर दुपारी सूर्य उत्तरेकडे कललेला असतो.

डोळ्यांचे आणखी एक गुपित आहे. जवळचे पाहताना डोळ्याच्या आतला एक लहानसा स्नायू आवळला जातो. दूरचे पाहिले, की तो सैल होतो. शिवाय पडद्याकडे टक लावून पाहताना आपण पापण्या मिटायला विसरतो. पापणी मिटली, की डोळ्यावरून ओलावा फिरतो. ती मिटली नाही, तर डोळे कोरडे पडतात. म्हणून दर २० मिनिटांनी मान वळवायची, ६ मीटरपेक्षा दूरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहायचे आणि पापण्यांची उघडझाप करायची. त्या मुलीला तर डोंगरच मिळाला! तुमच्या खिडकीतून आंब्याचे झाड दिसत असेल, समोरच्या घराची गच्ची दिसत असेल, काहीही चालेल. एवढे करूनही अक्षरे पुसट दिसत असतील किंवा डोके दुखत असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायला हवे. चष्मा हवा असेल, तर खुर्ची बदलून भागत नाही.

इतकी छान जागा तयार झाली, म्हणून त्या मुलीला वाटले, आता दोन तास बसता येईल. आजोबांनी मान हलवली. त्यांचे खरे आहे. मणक्यांच्या मध्ये लहान लहान गाद्या असतात. आपण हललो, चाललो, की त्यांना पोषण मिळते. कितीही नीट बसलो, तरी एकाच जागी खिळून राहिलो, तर पाठ आखडते. म्हणून आजी आणि नात यांनी एक युक्ती काढली. एक प्रसंग लिहून झाला, की नात उठते. स्वयंपाकघरात जाऊन आजीसाठी पाणी आणते. कधी अंगणात एक फेरी मारून येते. तोवर आजीला पुढचे आठवते.

टॅब्लेटविषयी आणि फोनविषयी थोडेसे सांगायला हवे, कारण तुमच्यातले पुष्कळ जण ती मांडीवर घेऊन, पलंगावर पालथे पडून पाहतात. टॅब्लेट पुस्तकांना टेकवून मेजावर उभा ठेवा. फोन हातात असेल, तर डोके फोनकडे नेण्याऐवजी फोन डोळ्यांसमोर वर आणा. हात दुखू लागले, की समजा, फोन खाली ठेवायची वेळ झाली!

त्या सोमवारी चार वाजता मुलगी पुन्हा बसली. तळवे खोक्यावर, पाठ टॉवेलला टेकलेली, खिडकी डावीकडे. आजीने तिच्याकडे एकदा पाहिले. मग ती म्हणाली, "कुठे आलो होतो गं आपण?"

"वाऱ्याने दार उघडले, तिथे," नात म्हणाली.

"हं. तर दार उघडले, आणि माझ्या बाबांनी पाटा उचलून दाराशी लावला..."

आणि बोटे कळफलकावर चालू लागली.

स्वाध्याय

प्र. १. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) आजीला असे का वाटले, की नात कंटाळली आहे?
(आ) मऊ उशीचा उपयोग का झाला नाही?
(इ) आजोबांची कुदळ आणि घरातील खुर्ची यांत त्यांना कोणते साम्य दिसले?

प्र. २. एका मुलाच्या गुडघ्यामागची उंची ३३ सेंटिमीटर आहे. त्याच्या खुर्चीची बैठक ४४ सेंटिमीटर उंच आहे. त्याने खुर्चीवर ९ सेंटिमीटर जाडीची घट्ट बैठक घातली, तर पायांखाली किती उंचीचे खोके लागेल?

प्र. ३. 'चुरचुरणे', 'लोंबकळणे', 'आखडणे' हे शब्द वापरून तुमच्या मनाने एकेक वाक्य लिहा.

उपक्रम : घरातील मोठ्या माणसाच्या मदतीने स्वतःचे, खुर्चीचे आणि मेजाचे माप घ्या. ते वहीत लिहा. नंतर आजी, आजोबा किंवा शेजारच्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाची एक आठवण विचारा आणि त्या जागेवर बसून लिहून काढा.